कॉलमला फायबर गुंडाळलं, पण ते किती वर्षं टिकणार?

नमस्कार मंडळी! जुन्या बिल्डिंगचे कॉलम तडकले की लातूर, नांदेड, परभणीकडे आता एकच सल्ला मिळतो : "फायबर रॅप करून टाका, आयुष्यभराचं काम." रॅप उत्तम आहे. पण 'आयुष्यभर' या शब्दावर मला बोलायचंय.

काच किंवा कार्बनच्या तंतूंचं कापड इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात) भिजवून कॉलमभोवती चिकटवतात. भार वाढला की काँक्रीट बाजूला फुगू बघतं, आणि कापड त्याला आवळून धरतं. भूकंपात असा कॉलम एकदम फुटत नाही, तग धरतो. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला. तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता! झोन ३ मध्ये आला तो २००२ च्या आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकानंतर. म्हणून त्याआधीच्या इमारतींकडे बघायलाच हवं, विशेषतः खाली पार्किंग असलेल्या.

आता टिकण्याचं बघू. कार्बन गंजत नाही, काचही नाही. पण इपॉक्सी थकतं. जागेवरच सुकणारं इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांत मऊ पडायला लागतं. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४२-४३ अंशांवर जाते, आणि पश्चिमेच्या उन्हातला कॉलम त्याहून कितीतरी तापतो. वरून अतिनील किरणांनी इपॉक्सीचा पृष्ठभाग झिजतो. म्हणून रॅपवर संरक्षक कोट हवाच, आणि तो उडाला की पुन्हा मारायचा. अमेरिकेच्या एसीआय ४४०.२आर मार्गदर्शिकेत उघड्यावरच्या कामाला काचेच्या कापडाची ताकद ०.६५ पटच धरतात, कार्बनची ०.८५ पट. स्वस्त म्हणून काच घेताना हा हिशोब विचारा.

माझी खरी काळजी आतल्या गजांची आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्यात कालवलेलं काँक्रीट असेल, तर क्लोराइडमुळे गज गंजतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. सुटलेलं कव्हर (गजांवरचा काँक्रीटचा थर) न काढता, गज साफ न करता वरून कापड गुंडाळलं, तर गंज आत वाढत राहतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हे मला सगळ्यांत धोकादायक वाटतं.

आणि आग. आगीत इपॉक्सी पहिलं जातं. म्हणून काम देण्याआधी डिझायनरकडून लेखी घ्या : रॅप धरलाच नाही, तर हा कॉलम रोजचा भार पेलतो का?