बेमिजीच्या वाळूत मुरलेलं तेल

२० ऑगस्ट १९७९. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात, बेमिजी गावाजवळ तेलवाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल उसळून बाहेर आलं. झाडाझुडपांवर उडालं, सखल जागी साचलं. पंप लावून ते उपसलं, काही जाळलं, माखलेली माती खणून नेली. तरी जवळपास ४ लाख लिटर तेल हाती लागलंच नाही. ते जमिनीत उतरलं होतं.

उतरून गेलं कुठे? १९८३पासून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे शास्त्रज्ञ तिथली वाळू आणि पाणी तपासत हेच शोधत आले आहेत.

इथली जमीन म्हणजे हिमनदीच्या पाण्याने आणून टाकलेली वाळू आणि खडी. तेल खाली झिरपताना कणाकणाला चिकटतं; त्यातलं बरंचसं वाटेतच अडकून बसतं. उरलेलं भूजलाच्या पातळीपाशी थांबतं, कारण ते पाण्यापेक्षा हलकं. रश्श्यावरच्या तर्रीसारखं. पण ही तर्री एका जागी राहत नाही. बर्फ वितळून पाणी चढलं की तेल चढतं, पाणी उतरलं की तेल उतरतं, आणि या वरखाली होण्यात वाळूचा जाड थर बरबटून जातो. असं अडकलेलं तेल पंपाने उपसता येत नाही.

तेलातले हलके घटक वाफ होऊन मातीच्या पोकळ्यांमधून पसरतात. काही पाण्यात विरघळतात, आणि खरी काळजी त्यांचीच. त्यात बेंझीन असतं, आणि बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा ठरवली आहे. हिशोब मांडून बघा. एक ग्रॅम बेंझीन १ लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेतं. दहा हजार लिटरचे दहा टँकर!

१९९६पर्यंत तरंगतं तेल सुमारे ४० मीटर सरकलं होतं, आणि विरघळलेले घटक सुमारे २०० मीटर. भूजल मात्र त्याच्याही बरंच पुढे निघून गेलं होतं. मग दूषित घटक मागे का राहिले?

ते जिवाणूंनी खाल्ले. आधी पाण्यातला ऑक्सिजन वापरून, तो संपल्यावर वाळूच्या कणांवरच्या लोहाच्या लेपाचा आधार घेऊन, आणि त्यानंतर मिथेन सोडत. वरून कुणी काही न टाकता हे घडत राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण त्याचीही किंमत आहे. लोहाचा लेप विरघळतो तेव्हा त्याला धरून बसलेलं नैसर्गिक आर्सेनिक पाण्यात सुटतं. तेलात नसलेलं विष तेलामुळे पाण्यात येतं.

इंधनात काय मिसळलंय, यावरही बरंच अवलंबून असतं. अमेरिकेत पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचं रसायन घालत. ते पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि जिवाणूंनाही लवकर पचत नाही. १९९६मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराच्या विहिरींमध्ये ते उतरलं आणि शहराचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा बंद करावा लागला. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. ते स्वतः झपाट्याने नाहीसं होतं, पण जिवाणू आधी त्याच्यावर तुटून पडतात, ऑक्सिजन तिथेच संपतो, आणि बेंझीन जास्त लांबवर जाऊ शकतं.

बेमिजीचे आकडे वाळूचे आहेत, हे इथे सांगायलाच हवं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बसाल्टवर वसला आहे. वर मुरूम, खाली भेगाळलेला काळा पाषाण. पाणी भेगांमधून धावतं, आणि पेट्रोल पंपाच्या पुरलेल्या टाकीतून थेंब थेंब गळणारं इंधनही तीच वाट धरतं. भेगेत चिकटायला वाळूचे कण नाहीत, जिवाणूंना सवडही कमी. अशा जमिनीत गळतीपासून ५० मीटरवर विंधन विहीर घेतली आणि पाणी स्वच्छ निघालं, तर भेग दुसऱ्याच दिशेला गेली असेल एवढंच कळतं. ती कुणाच्या विहिरीच्या झऱ्यात उघडते, हे मात्र कळत नाही.