गाणं ऐकताना गाणारा दिसतोच

(विंगेत तंबोरा. तारा टेकतात त्या घोडीवर कॅमेरा.)

तंबोरा लावणारा हा हात बघा. आधी खुंटी पिळून तार सुराच्या जवळ आणायची, मग खालचा मणी केसभर सरकवायचा. आणि घोडीवर तारेखाली दोरा दिसतोय ना, तो एवढासा पुढेमागे झाला की जवारी, म्हणजे तारेचा झणकार, खुलते आणि तार गुंजायला लागते. कॅमेरा बराच वेळ इथेच थांबलाय. गायकाच्या कपाळावर आठी आहे. संयोजकांनी दोनदा डोकावून घड्याळ दाखवलं. गायक मान वर करत नाही.

याला कुणी नखरे म्हणेल. गायिका किशोरी आमोणकरांना तर हे आयुष्यभर ऐकावं लागलं. ताई चिडतात, लहरी आहेत, श्रोत्यांत कुणी चुळबुळ केली तरी थांबतात. पण मनासारखी वाद्यं लागल्याशिवाय ज्या बाईंच्या तोंडून ‘सा’ निघत नसे, त्याच बाईंच्या ‘सा’साठी लोक ताटकळत बसायचे. तो हट्ट बाजूला काढा, ते गाणं शिल्लक राहणार नाही.

(सभागृहाचा दर्शनी भाग. नावाची पाटी.)

नागपूर, सिव्हिल लाइन्स. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह. ज्यांचं नाव याला दिलंय, त्या गायक वसंतरावांचा जन्म 1920 सालचा, मूर्तिजापूरचा. आईने एकटीने वाढवलं, ते या नागपुरात. शंकरराव सप्रे गुरुजींकडे सूर लागला. पुढे लाहोरला असद अली खाँ, मग सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ. आणि मनात कायम मास्टर दीनानाथ. मिळेल तिथून घेत गेले, म्हणून जाणकार विचारत राहिले, यांचं घराणं कोणतं? पोटासाठी लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी. कारकुनी करता करता गाणं. साठच्या दशकात थेट नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात बदली, जिथे ना मैफल, ना साथीदार.

(धंतोलीतलं घर. रेकॉर्ड पुसणारे हात.)

मऊ फडक्याने आतून बाहेर, गोल गोल. सुई टेकली. हे काका तरुणपणापासून वसंतराव ऐकतात. ते सांगतात, नेफाची हकीकत कळायच्या आधी ही तान त्यांना नुसती तयारीची वाटायची. आता तीच तान अडवून ठेवलेल्या माणसाने दार ढकलावं तशी ऐकू येते. रेकॉर्ड तीच आहे. ऐकणाऱ्याला माणूस कळला, एवढाच फरक.

‘नुसता सूर ऐका, माणसाशी काय देणंघेणं’ असं म्हणणारे रसिक नागपुरात पुष्कळ आहेत. आम्हाला ते पटत नाही. श्वास, घाई, ठेहराव, कुठे उडी घ्यायची आणि कुठे नाही, हे सगळं स्वभावातूनच गळ्यात उतरतं.

(जुनी छायाचित्रं. रंगमंच.)

माणूस आणि त्याचं गाणं वेगळं काढता येतं का, हा पेच नाटकात मांडला तोही नागपूरच्याच माणसाने. पुरुषोत्तम दारव्हेकर, आपले दारव्हेकर मास्तर. 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. खाँसाहेब अहंकारी आहेत, विद्या घराबाहेर जाऊ नये म्हणून जपणारे. ती मिळवायला सदाशिवला त्यांच्या घरी नोकर होऊन राहावं लागतं. अशा माणसाचा राग यायला हवा. येतोही. आणि तोच माणूस गायला लागला की प्रेक्षागृहातून वन्स मोअर! मास्तरांनी प्रेक्षकाला असं पकडलं, की राग आणि दाद दोन्ही एकाच खुर्चीत बसलेली. आमच्या मते या विषयावर मराठीत याहून नेमकं कुणी बोललेलं नाही.

अहंकार सोसता येतो, द्वेषाचं काय? जर्मन संगीतकार वाग्नरने 1850 साली ज्यूंच्या विरोधात लेख लिहिला; 2001 मध्ये वाद्यवृंद-संचालक बारेनबॉईमने जेरुसलेमला त्याचं संगीत वाजवलं, तेव्हा काही श्रोते उठून गेले, बरेच थांबले. ज्याला ऐकवत नाही, त्याला अरसिक म्हणू नये.

(गाण्याचा वर्ग. मुलं मांडी घालून.)

इथे बंदिश सांगून झाली आहे. आता गुरुजी पेटी बाजूला ठेवून, ही बंदिश गाणारे उस्ताद कसे होते ते सांगताहेत. कुणावर रुसायचे, रियाजाला कधी बसायचे, शिष्याच्या आजारपणात उशाशी कसे बसून राहिले. मागच्या रांगेतली ही मुलगी बघा, वहीवरून पेन उचललाय. बंदिश परत सुरू होते. मघाशी ती मुखडा घाईने उरकत होती. आता समेवर येण्याआधी थांबली.

आपल्या मैफिलींत मात्र निवेदक गायकाच्या पुरस्कारांची यादी वाचतात आणि माईक सोपवतात. या शहरातल्या संयोजकांना आमचं एवढंच सांगणं आहे. यादी छापील पत्रिकेत जाऊ द्या. यादी वाचण्यात जाणारी ती पाच मिनिटं माणसाबद्दल बोला.