फौजदारकी सोडली आणि तिकीट कापलं

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय सुशीलकुमार शिंदेंबद्दल. ते देशाचे गृहमंत्री होते हे सगळ्यांना माहितीये, पण माझं मन अडकतं ते १९७२ च्या इलेक्शनपाशी, कारण त्या वेळी ह्या माणसाकडे ना नोकरी होती ना आमदारकी.

जन्म १९४१ चा, सोलापूरचा, ढोर समाजातलं गरीब घर. सोलापूरच्या सेशन कोर्टात पट्टेवाला म्हणून लागले. पट्टेवाल्याचं काम म्हणजे साहेबाचं दार उघडायचं, फायली ह्या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या, दिवसभर उभं राहायचं, आणि हे सगळं करून रात्रीच्या शाळेत जायचं. हे लिहायला सोपंय हो, पण दिवसभर पायावर उभं राहून संध्याकाळी पुस्तक उघडायचं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. पुढे त्याच कोर्टात क्लार्क झाले, ग्रॅज्युएट झाले, आणि मग परीक्षा देऊन पोलिसात सब-इन्स्पेक्टर.

आता आपल्याकडे फौजदार म्हणजे काय चीज आहे! खांद्यावर दोन स्टार आणि लाल-निळी फीत, गल्लीत शिरला की माणसं ओट्यावरून उठून उभी राहतात. दलित घरातल्या पोराला त्या काळात ही वर्दी मिळणं म्हणजे अख्ख्या वस्तीची मान वर. मुंबईत सीआयडीत असताना शरद पवारांशी ओळख झाली, त्यांनी राजकारणात या म्हटलं, करमाळ्याची जागा राखीव होती, तिकीट मिळणार असं ठरलं आणि ह्यांनी राजीनामा दिला.

आणि तिकीट कापलं!

विचार करा मंडळी, सरकारी नोकरी, तीही फौजदारकी, आपल्या हातानं सोडलेली, आणि घरी सांगायचं काय? त्यात ७२ चा दुष्काळ, सोलापूर जिल्हा होरपळलेला, माणसं खडी फोडायला जात होती. पुढे निवडून आलेले आमदार वारले, पोटनिवडणूक लागली, आणि १९७४ ला कमलाभवानीच्या करमाळ्यानं ह्यांना आमदार केलं. मला वाटतं खरी कमाई ती मधली दोन वर्षं टिकून राहण्याची आहे.

नंतर तर गाडी थांबलीच नाही. राज्याचे अर्थमंत्री म्हणून नऊ वेळा बजेट मांडलं, २००३ ला महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले, मग आंध्रचे राज्यपाल, केंद्रात ऊर्जामंत्री. जुलै २०१२ मध्ये उत्तरेकडची ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळली, अर्धा देश अंधारात, आणि त्याच दुसऱ्या दिवशी त्यांना गृहखातं मिळालं. टीका झाली, व्हायलाच हवी होती, मी त्यांचा चाहता असलो तरी हे बोलणारच. पण एका फौजदारानं सगळ्या देशाच्या पोलिसांचा सॅल्यूट घ्यावा हे सुद्धा तेवढंच खरं, आणि कसाबला येरवड्यात फाशी झाली तीही त्यांच्याच काळात, २१ नोव्हेंबर २०१२ ला.

मग सोलापुरानंच त्यांना २०१४ ला पाडलं, २०१९ ला परत पाडलं. २०२४ ला त्याच जागेवरून मुलगी प्रणिती खासदार झाली, आणि तीसुद्धा आधी तीन वेळा आमदार होती बरं का.