सरहद्दीपलीकडचा भाव

भाडोत्री सैनिक म्हटलं की १९६०च्या दशकातले काँगोतले गोरे शिपाई आठवतात, नाहीतर अलीकडचे रशियाचे वॅग्नरवाले. आपण आज बोलणार आहोत तो माणूस वेगळा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या निंबा किंवा ग्रँड गेडे जिल्ह्यातला हा तरुण. आधी स्वतःच्या देशात लढला, मग सिएरा लिओन, मग आयव्हरी कोस्ट.

कायदा त्याच्यापाशी येऊन अडतो. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या पूरक करारातलं ४७वं कलम भाडोत्रीसाठी सहा अटी घालतं आणि त्या सगळ्या एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. त्यातली एक अट अशी, की त्याला स्थानिक सैनिकापेक्षा बराच जास्त मोबदला कबूल झालेला हवा. या पोराला अनेकदा पगारच नसतो. गाव हाती लागलं की जे सापडेल ते त्याचं. आपल्याकडे पेंढाऱ्यांचं चालायचं तसंच. दुसरी अट, तो युद्ध चाललेल्या देशाचा रहिवासी नसावा. पण २००३च्या सुमारास आयव्हरी कोस्टच्या सरकारी बाजूसाठी माणसं उचलली गेली ती ग्विग्लोजवळच्या निक्ला छावणीतूनही, म्हणजे तिथंच राहणाऱ्या लायबेरियन निर्वासितांतून. शिवाय सरहद्दीवरच्या काव्हाली नदीच्या अलीकडचे क्रान आणि पलीकडचे गेरे या दोन जमाती एकमेकांच्या सोयऱ्या. होडक्यातून नदी ओलांडणारा पाहुणा कोण आणि लढवय्या कोण, हे नाक्यावरच्या शिपायाने कसं ओळखावं? त्यात बंदूक बहुधा पलीकडे गेल्यावरच हातात पडते.

भरतीचं काम जुना कमांडर करतो. त्याच्याकडे आपल्या पोरांची नावं, ठिकाणं, सगळं असतं. म्हणून नि:शस्त्रीकरणात बंदूक गोळा झाली तरी ही साखळी मोडत नाही. माझ्या मते खरी गोम इथं आहे.

लायबेरियातला हिशेबच पाहा. ७ डिसेंबर २००३ला राजधानी मोनरोव्हियाबाहेर बंदुका जमा करून घेणारी पहिली छावणी उघडली, सोयीपेक्षा कितीतरी जास्त लोक आले, दंगल झाली आणि काम एप्रिल २००४पर्यंत थांबलं. एका माणसाला ३०० डॉलर, दीडशेच्या दोन हप्त्यांत. पात्र ठरायला एक बंदूक, नाहीतर १५० काडतुसं पुरेशी. ही काडतुसांची पळवाट महागात पडली. कमांडरने साठा वाटून टाकला, कधीही न लढलेली माणसं रांगेत उभी केली आणि हप्त्यातला वाटा मागितला. अंदाज होता सुमारे ३८ हजार लढवय्यांचा. नोंद झाली एक लाखाच्या वर, आणि बंदुका जमल्या २८ हजारांच्या आसपास. म्हणजे चार माणसांमागे जेमतेम एक. पैसे वाटण्यात निधी आटला, धंद्याचं प्रशिक्षण मात्र रखडलं, आणि खरे लढलेले कितीतरी रिकामेच राहिले.

त्याच वेळी नदीपलीकडे आयव्हरी कोस्टमध्ये शस्त्र खाली ठेवणाऱ्याला सुमारे ९०० डॉलर मिळणार, अशी घोषणा झालेली. तिप्पट! आता कमांडरने काय सांगितलं असेल ते वेगळं सांगायला नको: चला पलीकडे, लढाई झाली तर लूट, नाही झाली तर भत्ता. शांततेसाठी आखलेल्या रकमेनेच माणसं सरहद्दीकडे ओढली. दोन शेजारी देशांत रक्कम आणि पात्रता एकच ठेवायला हवी होती आणि नावनोंदणीच्या याद्या एकमेकांशी ताडून पाहायला हव्या होत्या. पण दोन्हीकडे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमा वेगळ्या, पैसा पुरवणारे वेगळे.

मग २०१०-११मध्ये आयव्हरी कोस्टच्या निवडणुकीवरून युद्ध पेटलं, तेव्हा सत्तेवरचे अध्यक्ष बाग्बो आणि त्यांचे प्रतिस्पर्धी वातारा अशा दोन्ही बाजूंना लायबेरियन लढत होते. तीन हजारांवर माणसं मेली. ११ एप्रिल २०११ला बाग्बो पकडले गेले तरी ही ये-जा थांबली नाही; ८ जून २०१२ला आयव्हरी कोस्टमधल्या ताई गावाजवळ संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतले नायजरचे सात शांतिसैनिक मारले गेले. लायबेरियाने सरहद्द बंद केली, म्हणजे मोठे नाके बंद केले. जंगलातल्या पायवाटांना नाके नसतात.

त्यानंतर लायबेरियाने निदान एक गोष्ट करून पाहिली. भाडोत्रीपणा हा तिथल्या स्वतःच्या फौजदारी कायद्यातही गुन्हा आहे. जून २०१४मध्ये त्याच गुन्ह्यासाठी, २०११मध्ये पलीकडे जाऊन लढल्याबद्दल, १३ जणांना जन्मठेप सुनावली गेली.