उसाच्या फडापर्यंत

[दृश्य: सांगली जिल्हा, शिराळा तालुका. ऊसतोड सुरू आहे.]

ऊसतोड ऐन भरात असते आणि पाचटात बिबट्याची पिल्लं दिसतात. टोळीची माणसं कोयते टाकून मागं सरतात, मुकादम फोन लावतो, बांधावर बघ्यांची गर्दी होते. आता पिल्लांचं काय होणार, हे तिथं पहिला पोचणारा वनरक्षक काय शिकून आलाय त्यावर ठरतं.

बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडायचा, ही जुनी रीत. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात असे बरेच बिबटे हलवले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा जिथं बिबटे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढल्याचं दिसलं.

[दृश्य: प्रयोगशाळा. चाळणीत धुतलेली विष्ठा, सूक्ष्मदर्शक.]

अशा एका निष्कर्षामागं वन्यजीव अभ्यासकाची कित्येक वर्षं असतात. पहाटे ठरलेल्या रेषेवर चालायचं, दिसलेला प्राणी किती अंतरावर होता ते नोंदवायचं. विष्ठा धुवून त्यातले केस वेगळे काढायचे. केसाच्या नक्षीवरून कळतं, बिबट्यानं भेकर खाल्लं की गावातलं कुत्रं. हे काम किचकट आहे आणि मोलाचं आहे. पण ते संशोधनपत्रिकेत छापून थांबलं, तर फडातल्या वनरक्षकाला त्याचा काय उपयोग?

[दृश्य: कुंडल, वन प्रबोधिनी.]

म्हणून आम्हाला वाटतं, अभ्यासकाचं निम्मं काम वर्गात आहे. पलूस तालुक्यातल्या कुंडलला वनाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण चालतं. जवळच सागरेश्वर: धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून, लोकांनी झाडं लावून उभं राहिलेलं जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. सांबर, चितळ, काळवीट मोजायला शिकावं ते अशा ठिकाणी.

आणि हे शिकणं एकदा भरती झाली की संपत नाही. पूर्वी पंजाचा ठसा काचेवर गिरवून वाघ मोजायचे. आता कॅमेरा ट्रॅपनं, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं, काढलेल्या फोटोतल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखतात, गस्तीच्या नोंदी मोबाईलवर होतात. २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते, तिचा पाया वनरक्षकानं आपल्या बीटात, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या जंगलाच्या भागात, चालून केलेल्या नोंदींवर आहे. चांदोली राष्ट्रीय उद्यानात पुनर्वसन झालेल्या गावांच्या जुन्या शेतांत आज गवे चरतात. तिथलं गवत कुठं मागं हटतंय, हे रोज चालणाऱ्यालाच आधी दिसतं.

[दृश्य: पुन्हा फड. संध्याकाळ.]

शिकलेला वनरक्षक आधी गर्दी पांगवतो, त्या तुकड्याची तोड थांबवायला सांगतो. पिल्लं तपासून, सापडली तिथंच क्रेटमध्ये ठेवायची, कॅमेरा लावायचा आणि माणसांनी लांब व्हायचं. मादी बहुधा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते.

मग उजळणी वर्गात हेच वनरक्षक विचारतात: शिवारातला सगळा ऊस तुटल्यावर मादी पिल्लं घेऊन जाते कुठं? शिराळ्याच्या, कराडच्या शिवारात कुणीतरी पुढची काही वर्षं या एका प्रश्नाला द्यायला हवीत.