उशिरा सुरू होणारे इंजिन

(दृश्य: पहाटेचा मंद उजेड, अंगणात उभा असलेला जुना पिकअप ट्रक)

चावी ऑन करावी, पण स्टार्टर मारू नये. पुढचे दोन सेकंद टाकीच्या दिशेने कान लावून ऐकावे. १९८८ ते १९९५ या वर्षांतील, थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी पेट्रोल फवारणारी यंत्रणा) असलेल्या शेवरोले सी-१५०० ट्रकमध्ये इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप टाकीतच बसवलेला असतो. चावी ऑन होताच इंजिनाचा संगणक रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचला, सुमारे दोन सेकंद वीज देतो, रिले पंप चालू करतो आणि टाकीतून बारीक गुणगुण ऐकू येते. इंजिन फिरत असल्याची खूण डिस्ट्रिब्युटरकडून (स्पार्क प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडून) आली नाही, तर संगणक पंप बंद करतो. अपघातात इंजिन बंद पडल्यावर पेट्रोल वाहत राहू नये, यासाठी ही काळजी घेतलेली आहे.

आपल्या ट्रकमध्ये ती गुणगुण ऐकू येत नाही. तरीही स्टार्टर बराच वेळ फिरवत ठेवला की इंजिन सुरू होते आणि मग दिवसभर विनातक्रार चालते. अशा वेळी अनेक जण थेट टाकी उतरवून पंप बदलतात, आणि नेमके तेच टाळायला हवे. या ट्रकमध्ये पंपाला वीज मिळण्याचा दुसरा मार्गही आहे: इंजिनात ऑइलचा दाब सुमारे ४ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरील पौंडांत मोजलेला दाब) चढला की ऑइल प्रेशर स्विच जुळतो आणि रिलेला वगळून पंपाला वीज मिळते. म्हणजे उशिरा का होईना, इंजिन सुरू होत असेल, तर पंप जिवंत आहे आणि टाकीकडे जाणारी वायर तुटलेली नाही. दोष बहुधा रिलेमध्ये, त्याच्या कनेक्टरमध्ये किंवा संगणकाकडून त्याला मिळणाऱ्या आज्ञेत आहे.

(दृश्य: बॉनेट उघडलेले, रिलेचा कनेक्टर जवळून)

रिले काढून कनेक्टरमध्ये टेस्ट लॅम्प (वीज येते का हे दाखवणारा छोटा दिवा) लावावा. इथे मीटरपेक्षा लॅम्प बरा, कारण गंजलेल्या वायरच्या एखाद्याच तारेतूनही मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, लॅम्प मात्र प्रत्यक्ष करंट ओढतो आणि मंद पेटून वायरचा कमकुवतपणा उघड करतो. नारिंगी वायर फ्यूजमार्गे बॅटरीला जोडलेली असल्यामुळे तिच्यावर लॅम्प कायम पेटला पाहिजे. लॅम्पची क्लिप बॅटरीच्या धन टोकाला लावून काळ्या-पांढऱ्या वायरला स्पर्श केला, तर अर्थ, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणारी जोडणी, तपासली जाते. गडद हिरव्या-पांढऱ्या वायरवर संगणकाची आज्ञा येते. ती फक्त दोन सेकंद टिकते, म्हणून चावी फिरवायला दुसरा माणूस जवळ असावा आणि इथे लॅम्पऐवजी मीटर वापरावा, म्हणजे संगणकावर भार पडणार नाही. तिन्ही ठिकाणी सर्व ठीक असेल, तर रिले बदलावा. हिरव्या-पांढऱ्या वायरवर काहीच येत नसेल, तर नवा रिलेही निरुपयोगी ठरेल आणि शोध संगणकापर्यंत न्यावा लागेल.

पंप चालू असूनही पेट्रोलचा दाब ९ ते १३ पीएसआयच्या खाली राहत असेल, तर फिल्टर आणि पंपाइतकाच संशय अर्थवर घ्यावा. मिशिगन किंवा ओहायोसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि ते वर्षानुवर्षे चॅसीवर बसून अर्थच्या जोडणीखालचा पत्रा खाते. पंप चालू ठेवून पंपाचे अर्थ टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मीटर लावावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर जोडणी सोडवून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा. हे काम करताना जवळ पेट्रोलची वाफ असू शकते, त्यामुळे ठिणगी उडेल असे काहीही तिथे करू नये.

काही जण या कटकटीला कंटाळून पंप थेट इग्निशनला जोडतात. तसे करू नये, कारण मग ट्रक उलटून इंजिन बंद पडले तरी पंप पेट्रोल ढकलत राहतो.

रिले दुरुस्त झाल्यावर ऑइल प्रेशर स्विचही तपासावा. रिले बंद असताना पंपाचा सगळा करंट त्याच्या पॉइंटमधून गेलेला असतो, आणि ते पॉइंट जळलेले असण्याची शक्यता मोठी आहे.