उणे झालेले रान

चांदोलीच्या धरणामागे सांगली आणि सातारा जिल्ह्यांच्या हद्दी जिथे भिडतात, तिथल्या रानात उभे राहिले, की काही हरवले आहे असे डोळ्यांना जाणवत नाही. जांभूळ, हिरडा, अंजनी आपापल्या जागी आहेत. मात्र आवळ्याखाली क्षणभर थांबावे. भेकर, म्हणजे लहानसे भुंकणारे हरीण, आवळ्याचे फळ गिळते, पुढे सावलीत रवंथ करताना त्याची बी तोंडातून टाकून देते, आणि अशी बी मूळ झाडापासून दूर रुजते. भेकरे मारली गेली, तर आवळा फळतच राहतो, परंतु त्याची बी झाडाखालीच पडून राहते.

फासे, जाळी आणि बंदुकीने होणारी चोरटी शिकार सगळ्या प्राण्यांना सारखी बाधत नाही, आणि माझ्या मते सारे इथेच बिघडते. सांबराची किंवा भेकराची मादी बहुधा एका वेळी एकच पाडस देते. रानडुकरीण मात्र चार-सहा पिल्लांना जन्म देते. त्यामुळे शिकार थांबल्यावर डुकरांचे कळप लवकर सावरतात, सांबराला मात्र ती तूट भरून काढायला बराच काळ लागतो. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पण सांबर आणि गव्यासारखे मोठे भक्ष्य पुरेसे नसेल, तर फिरत आलेला वाघ त्या रानात मुक्काम करत नाही. बिबट्याचे तसे नसते. कराड, पाटण, शिराळ्याच्या उसात त्याला आडोसा मिळतो, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या मिळतात, आणि ऊसतोडीच्या वेळी फडात त्याची पिल्ले सापडतात. यामागे एकटी शिकारच आहे असे नाही, उसानेही त्याला जागा दिली. तरीही रानातले भक्ष्य घटणे ही साधी बाब नव्हे.

याची दुसरी बाजू सागरेश्वरला दिसते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर हे मानवनिर्मित अभयारण्य उभे राहिले. जेमतेम ११ चौरस किलोमीटरच्या या रानात चितळ आणि सांबर सोडले गेले, मात्र त्यांना खाणारा मोठा शिकारी प्राणी तिथे वर्षानुवर्षे नव्हता. हरणे वाढत गेली, चारा आणि पाणी अपुरे पडू लागले, कळप कुंपण ओलांडून खाली शिवारात उतरू लागले, आणि भोवतालच्या गावांतला शेतकरी हातात बॅटरी घेऊन रात्र रात्र पिकाची राखण करू लागला.